लेकराला घेऊन घोडाझरीला



सिंदेवाहीकरांना सहलीसाठी फार दूर जावं लागत नाही.
नागभीड तालुक्यातला घोडाझरी तलाव जवळच आहे.
भोवती जंगल, टेकड्या, आणि मधे पाणी.
2018 साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

सोबत दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल,
तर एकच गोष्ट ध्यानात ठेवा.
एक दिवस, एकच ठिकाण.

सकाळी तलाव, दुपारी नातेवाईक, संध्याकाळी देवदर्शन.
असा बेत मोठ्यांना जमतो.
लेकरू मात्र थकतं, रडतं.
त्याला काठावरचा एक बगळा अर्धा तास पुरतो.
तो अर्धा तास त्याला द्या.

ताडोबाची सफारी थोडी थांबू द्या, असं मला मनापासून वाटतं.
पहाटे उठायचं.
काही तास गाडीत शांत बसायचं.
खाली उतरायचं नाही.
एवढ्याशा जिवाला ते जड जातं.

जमलं, तर नागभीडपर्यंत रेल्वेनं जा.
मुलासाठी खिडकी हीच अर्धी सहल असते.

सोबत घरचं पाणी घ्या.
मुरमुरे, केळी, टोपी, आणि कपड्यांचा जास्तीचा जोड घ्या.
आपल्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन फार कडक.
म्हणून हिवाळाच बरा.

पुन्हा सांगते.
एक दिवस, एकच ठिकाण.

आणि हे विसरू नका.
आपला मुलूख वाघाचा आहे.
लघवीसाठीसुद्धा मुलाला झुडपाआड एकटं पाठवू नका.
पाण्याजवळ त्याचा हात सोडू नका.
अंधार पडायच्या आत घरी या.