बांबोळीला निघण्यापूर्वी



बांदा-सावंतवाडीच्या आजारी मुलाला मुंबई दूर, गोव्याचे बांबोळी जवळ. ते परराज्य आहे, हे आपल्याला २०१८ साली जाणवले. त्या वर्षी गोव्याबाहेरच्या रुग्णांना तेथे शुल्क लागू झाले.

वर्गणी गोळा करण्यात आपला समाज मागे नाही. पण पैसा संपतो तो फेऱ्यांत, आणि फेऱ्या होतात कागदांपायी. शिधापत्रिकेवर ‘मोहम्मद’, जन्मदाखल्यावर ‘महंमद’, आधारकार्डावर नुसते ‘मो.’! दुखणे एकाचे, कागदावर मुलगे तीन. हा दोष आपला, दवाखान्याचा नव्हे.

पुढे वेल्लोरला जाणे पडले, तर हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाला व एका सोबत्याला रेल्वेच्या शयनयान भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. कर्करुग्णाला तर त्या डब्याचे मूळ भाडे पूर्ण माफ आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते आपण होऊन मागावे लागते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

पालकांनी आज रात्रीच पेटीतले दाखले काढून नावे ताडून पाहावीत. मूल धडधाकट आहे तोवर दुरुस्तीला सवड आहे. आणि दहावी-अकरावीच्या मुलांनो, अर्ज भरायला तुम्ही बसाल ना? दर रविवारी सकाळी शाळेचा एक वर्ग उघडा ठेवण्याचे चिटणीस साहेबांनी आत्ताच कबूल केले आहे.