क्रँकचं बेअरिंग बसवताना हातोडी का मारायची नाही

आज कोडिंगला सुट्टी. आज मी केलेली एक चूक सांगतो. तुमचे पैसे वाचतील.

1985 साली बजाज ऑटोचा कारखाना आमच्या वाळूजला आला. तेव्हापासून इथे घरोघरी कुणी ना कुणी गाड्यांचे पार्ट बनवतं. मी मात्र बीटेक करून लॅपटॉपवर बसलो. लॉकडाऊनपासून पप्पांची शंभर सीसीची जुनी बाईक अंगणात पडून होती. म्हटलं, हिचं इंजिन आपणच बांधायचं. व्हिडिओ तर ढीगभर पाहिले होते!

अशा छोट्या इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना साधारणपणे बॉल बेअरिंग असतं. आत एक रिंग, बाहेर एक रिंग, मध्ये गोळ्या. माझ्या इंजिनात ते अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये घट्ट बसवायचं होतं. हाताने जाईना. हाताशी एक सॉकेट होता, तो नेमका आतल्या रिंगवर बसला. दिले चार टोले. बेअरिंग गेलं आत, मी खूश.

गाडी सुरूही झाली. तिसऱ्या दिवशी पप्पा गंगापूरला जाऊन आले आणि म्हणाले, "अरे, ही रडतेय." चाळीसच्या वर गेलं की हूंऽऽ असा आवाज. पुन्हा सगळं इंजिन खोललं.

ते बेअरिंग घेऊन बजाजनगरमधल्या ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ते कानाशी धरून फिरवलं, मग माझ्या हातात दिलं. बोटांना बारीक खरखर लागत होती. काकांनी एवढंच विचारलं, "घट्ट बसतंय बाहेरून, मग आतल्याला कशाला मारलंस?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. आतल्या रिंगवर मारलेला टोला बाहेरच्या रिंगपर्यंत जातो तो गोळ्यांमधून. गोळी रिंगला अगदी टिचभर जागेत टेकते, सगळा मार तिथेच बसतो आणि खळगा पडतो. डोळ्यांना तो दिसेलच असं नाही, पण मिनिटाला हजारो फेऱ्या झाल्या की तोच खळगा ओरडतो. म्हणून नियम एकच: जी रिंग घट्ट बसते, जोर तिच्यावरच द्यायचा. चेंबरमध्ये बसवताना बाहेरची, क्रँकवर चढवताना आतली.

आणि खरं तर मारायची वेळच येऊ द्यायची नाही. गणित करून बघा. बेअरिंगचा बाहेरचा व्यास 52 मिलीमीटर धरू. चेंबर 30 अंशांवरून 110 अंशांपर्यंत तापवलं, तर ते भोक जवळपास 0.1 मिलीमीटरने मोठं होतं. फ्रीझरमधलं बेअरिंग साधारण 0.03 ने आकसतं. एवढा फरक पुरतो.

दुसऱ्या वेळी असं केलं. ऑइल सील काढले, चेंबर धुऊन पूर्ण सुकवलं. पेट्रोलचा वास असेल तर ओव्हनजवळही नेऊ नका. नवीन बेअरिंग तेल लावून, पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. नंबर तोच, पुढचं सी-थ्रीसुद्धा तेच. सी-थ्री म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक. घट्ट बसल्यावर आणि इंजिन तापल्यावर ती लागते. चेंबर ओव्हनमध्ये तापवलं. पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं, म्हणजे शंभरच्या वर गेलं. जाड हातमोजे घालून बेअरिंग सरळ सोडलं. टक्! तळाला. थंड होईपर्यंत बाहेरची रिंग दाबून धरली. वाकडं गेलं तर ठोकायचं नाही. काढायचं, पुन्हा तापवायचं. शेवटी तेलाचे दोन थेंब टाकून बोटाने फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही, खरखरलं नाही.

दोन नवी बेअरिंग, गॅस्केट आणि दोन रविवार, एवढ्याला पडले माझे ते चार टोले. पप्पा आता त्याच गाडीवर आईला मागे बसवून गंगापूरला जातात. आईने तो ओव्हन मात्र स्वयंपाकघरात परत घेतलेला नाही!

तुम्ही पहिलं इंजिन खोललंत तेव्हा काय बिघडवलंत? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.