फुकट कोणी राबायचे?

(कामगार कल्याण समित्यांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आपण सर्वजण सुटीचा दिवस मोडून येथे आला आहात. कोणी शाखेच्या मदतनिधीचे काम पाहतो, कोणी पतपेढीच्या संचालक मंडळावर आहे, कोणी वस्तीतल्या दवाखान्याच्या समितीवर. या कामाचा पगार कोणालाच नाही. अशा बिनपगारी कारभाऱ्यांनी कारभार कसा करावा, हा आजचा विषय. त्यासाठी आपल्याला जरा लांब, हैती देशात नेतो.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. १७९१ साली तेथील उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांनी बंड पुकारले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र उभे केले. मालकशाहीने याची किंमत वसूल केली. १८२५ साली फ्रान्सने आरमार पाठवून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. ही भरपाई राबणाऱ्यांना नव्हे, त्यांना विकत घेणाऱ्या मळेवाल्यांना! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेली कर्जे फिटायला १९४७ साल उजाडले. हैती गरीब का, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

तेथे कांज नावाचे एक गाव आहे. १९५६ साली आर्तिबोनित नदीवर पेलिग्र धरण झाले. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या आणि ते उजाड डोंगरावर येऊन बसले. त्यांना वीजही मिळाली नाही आणि पाणीही नाही. कोयना-उजनीच्या धरणग्रस्तांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

या गावात फ्रिट्झ लाफोन्तां हे हैतीचेच एक धर्मगुरू काम करीत होते. पॉल फार्मर हा वैद्यकाचा अमेरिकन विद्यार्थी आणि १९८३ साली अठराव्या वर्षी स्वयंसेविका म्हणून आलेली ओफेलिया डाल त्यांना येऊन मिळाले. १९८७ साली बोस्टन शहरात या मंडळींनी एक छोटी धर्मादाय संस्था काढली. टॉम व्हाइट नावाच्या बांधकाम कंत्राटदाराने पदरचा पैसा घातला. हैतीतल्या शाखेचे नाव 'झान्मी लासांते', म्हणजे 'आरोग्याचे सोबती'.

आता मुद्द्याची गोष्ट. १९८८ साली कांजमध्ये क्षयाचे काही रुग्ण औषध फुकट असूनही दगावले. सर्वांची बैठक बसली. शिकलेल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांचे म्हणणे पडले की लोक अडाणी आहेत, रोग जादूटोण्याने होतो असे मानतात, म्हणून औषध अर्धवट सोडतात. गावातले आरोग्य कार्यकर्ते मात्र म्हणाले की माणसे उपाशी आहेत, दवाखान्यापर्यंत यायला पैसा नाही, मग नुसत्या गोळ्यांनी काय होणार?

एखाद्या समितीने वरच्या माणसाचे ऐकून ठराव केला असता आणि विषय संपवला असता. येथे तसे झाले नाही. प्रयोग करून पाहण्यात आला. एका गटाला फुकट औषध. दुसऱ्या गटाला औषधाबरोबर गावातल्या कार्यकर्त्याची नियमित भेट, आणि खाण्यासाठी व जाण्यायेण्यासाठी दरमहा थोडे रोख पैसे. पहिल्या गटात निम्म्याहून कमी रुग्ण पूर्ण बरे झाले. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले. त्यांत जादूटोणा मानणारेही होते.

रुळाला तडा कुठे जाणार हे ऑफिसातल्या नकाशाच्या आधी गँगमनला कळते. कांजमध्येही तेच झाले. म्हणून माझे पहिले सांगणे असे की समितीच्या बैठकीत सर्वांत खालच्या कामगाराला आधी बोलू द्या, मग आपण बोला.

दुसरी गोष्ट आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याची आहे. रुग्णाच्या घरी रोज जाणाऱ्या या गावातल्या सोबत्यांना ती संस्था पैसे देते. कारभार पाहणाऱ्याने फुकट वेळ द्यावा, कारण त्याची चूल पेटलेली असते. पण गरिबालाच 'तू स्वयंसेवक हो' म्हणून फुकट राबवणे हा अन्याय आहे, असे फार्मर वारंवार मांडत. २०२२ साली ते वारले, पण हा विचार आपण उचलला पाहिजे.

कोणी म्हणेल, खेड्यात एकमेकांसाठी फुकट राबण्याची रीतच आहे. बरोबर आहे. हैतीत तिला 'कोन्बिट' म्हणतात, आपल्याकडे इर्जिक. पण इर्जिकीत आज माझे शेत, उद्या तुमचे, आणि ज्याचे शेत त्याच्याकडे सर्वांचे जेवण. तेथे श्रमाची परतफेड श्रमाने होते. जेथे एकाचेच श्रम जातात आणि परत काही येत नाही, तिला इर्जिक म्हणत नाहीत, वेठ म्हणतात.

आता आपल्या देशाकडे पाहा. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली, आशा २००५ साली. या लाखो भगिनींना सरकार 'मानसेवी', 'स्वयंसेविका' म्हणते. हाती मानधन आणि कामावर आधारित मोबदला, कामगाराचा दर्जा नाही. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने त्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जगासमोर गौरव केला. गौरव झाला, दर्जा राहिलाच. शब्दाच्या आड पगार कसा लपवतात, हे यातून शिकावे.

कांजची छोटी संस्था पुढे मोठी झाली. २०१० च्या भूकंपानंतर तिने मिरबाले येथे सुमारे ३०० खाटांचे रुग्णालय उभारले, ते २०१३ साली सुरू झाले. २०२५ साली सशस्त्र टोळ्यांनी मिरबालेवर हल्ला केला आणि ते रुग्णालय रिकामे करावे लागले. चांगल्या कारभारानेही देशावरचे प्रत्येक संकट टळत नाही. पण इमारत रिकामी झाली तरी घरोघर जाणारी माणसे त्याच मातीतली असतात. म्हणून समितीने पैसा आधी माणसांत गुंतवावा, भिंतींत नंतर.

तेव्हा येथून परत गेल्यावर तीन गोष्टी करा. पुढच्या बैठकीला ज्यांच्यासाठी निधी आहे त्यांच्यापैकी दोघांना बोलवा आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहा. जमाखर्च त्यांना समजेल अशा भाषेत फलकावर लावा. आणि आपल्या दवाखान्यात, बालवाडीत, कार्यालयात 'स्वयंसेवक' म्हणून कोण राबते ते तपासा. त्या माणसाची चूल त्याच कामावर अवलंबून असेल, तर पहिला ठराव त्याच्या पगाराचा करा. सरकारकडे मागण्यापूर्वी तो आपल्या घरी झाला पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!