आजारी कोणाला म्हणायचे?



सयाजीराव महाराजांच्या नावाच्या वडोदऱ्याच्या सरकारी रुग्णालयात छोटाउदेपूर, नर्मदा भागातले आदिवासी रुग्ण वर्षानुवर्षे येतात. हाडे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त नाही. या दुखण्याची, म्हणजे सिकलसेलची, ओळख पटायला सूक्ष्मदर्शक लागला. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. अमेरिकेत मात्र तो दीर्घकाळ काळ्यांचाच आजार मानला गेला. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तातही तशा पेशी आढळल्या.

गावातली तपासणी साधी. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी लागते. तो अहवाल येईपर्यंत एखादी धडधाकट वाहक मुलगी गावाच्या लेखी आजारी ठरते, जमलेली सोयरीकही मोडू शकते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठरले. यंत्रांइतकीच समुपदेशकांची भरती व्हायला हवी, असे या परिषदेच्या स्वागत समितीचे ठाम मत आहे.

रक्तक्षयातही नुसती चाचणी सगळे सांगत नाही. १९२८पासून मुंबईत लुसी विल्स यांनी गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासला. काचपट्टीवर पेशी मोठ्या दिसत. कारण निघाले ताटातले. मार्माइट या यीस्टच्या अर्काने बायका सुधारल्या, आणि तिथूनच फॉलिक ॲसिडकडे वाट गेली.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी ठरल्या. हा आकडा बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबावर उभा आहे. शिरेतून रक्त घेतले की तो बदलतो, म्हणून तज्ज्ञांत वाद आहे. तो या व्यासपीठावर मोकळेपणाने व्हावा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वात घेतले. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. आज कामावर असलेला आणि उद्या वेदनेने खाटेवर तळमळणारा तरुण किती टक्के दिव्यांग? त्याची मोजणी कशी व्हावी, यावर परिषदेने रुग्णांना समोर बसवून निदान अर्धा दिवस चर्चा करावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.