जामिनाचा हुकूम आणि प्रत्यक्ष सुटका
(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



अटक ही शिक्षा नव्हे. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानावे, हे आपल्या फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली बालचंद प्रकरणात सांगितले. तथापि राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ बंदी, म्हणजे दर चारांपैकी तीन, कच्चे कैदी होते.

या सर्वांनाच न्यायालयाने जामीन नाकारला होता, असे मात्र नाही. काहींच्या हाती जामिनाचा हुकूम असतो; पण जामीनदार नसतो. सातबारा उतारा, ऐपतीचा दाखला, स्थानिक रहिवासी जामीनदार या गोष्टी भूमिहीन मजुराने किंवा परजिल्ह्यातून आलेल्या कामगाराने आणाव्यात कोठून? एकाच आरोपाखाली दोघे पकडले गेले, तर जमीनवाला सायंकाळी घरी पोचतो आणि मजूर आतच राहतो. त्याची मजुरी बुडते, घरात उपासमार होते आणि बचावाची तयारीही नीट होत नाही.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मोतीराम प्रकरणात स्पष्ट मत दिले. मोतीराम हा मध्य प्रदेशातील एक गवंडी. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागण्यात आला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाची जामीनकी नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्यास एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. पुढे १९७९ साली बिहारमधील बंद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, आरोपी पळून जाईल की नाही हे केवळ त्याच्या पैशावरून ठरवू नये. त्याचे वास्तव्य किती वर्षांचे आहे, कामधंदा कोणता, कुटुंब कोठे आहे, आणि गावातील जबाबदार व्यक्ती त्याच्याविषयी खात्री देतात काय, हे पाहावे.

कायदाही या दिशेने पुढे सरकला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ नुसार, जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्यात जामीन देऊ न शकणारा आरोपी निर्धन समजला जातो व त्यास जातमुचलक्यावर सोडावे लागते. कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिल्याच गुन्ह्याचा आरोपी असल्यास एक तृतीयांश काळ, कोठडीत काढलेला बंदी सुटकेस पात्र ठरतो. न्यायालयास तसे लेखी कळविणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेस पात्र गुन्हे यातून वगळले आहेत, तसेच एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना हा लाभ नाही. साक्षीदारांची व पीडितांची सुरक्षितताही न्यायालयास पाहावीच लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी आणखी काही निर्देश दिले. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे, आणि महिनाभरात जामीनपत्र सादर न झाल्यास न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असे त्यात सांगितले आहे.

येथेच आपला संबंध येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. परंतु ज्याला ती चढावी लागली, त्याच्या पाठीशी कोणी तरी उभे राहिले पाहिजे. हा माणूस अमुक वर्षे गावात राहतो, त्याची मुले आमच्या शाळेत शिकतात, एवढे सत्य सरपंचाने किंवा गुरुजींनी लिहून दिले, तरी न्यायालयासमोर त्याची गावातील मुळे दिसू लागतात. महसूल अधिकाऱ्यांनी दाखला वेळेवर दिला, तर कोणाचे तुरुंगातील दिवस वाचतात. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

मात्र दाखला खराच असावा. खोटी खात्री पुढच्या गरिबाची वाट बंद करते. ही माहिती आपण येत्या ग्रामसभेत सांगावी, एवढीच माझी विनंती आहे. जामिनाचा हुकूम कागदावर राहिला, तर न्यायही कागदावरच राहतो.