रिद्धपूर : मायबोलीचे तीर्थ
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप सारांश)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी आपणांस एका लहानशा गावाकडे नेऊ इच्छितो. वऱ्हाडातील आपली कुटुंबे वर्षातून एकदा तरी मुक्तागिरीच्या वंदनेला जातात. अचलपूर-परतवाड्याहून आपण सातपुड्याकडे वळतो. त्याच परिसरात, पण पूर्वेला, चांदूर बाजार आणि मोर्शी यांच्या दरम्यान रिद्धपूर वसले आहे. सभोवती संत्र्यांचे बगीचे, कपाशी आणि तुरीची शेते. गाडी थांबवावी असे वरकरणी तेथे काही दिसत नाही, म्हणून बहुतेक यात्रेकरू न थांबताच पुढे जातात. आणि तरीही, मराठी भाषेच्या इतिहासात ज्या गावापुढे नतमस्तक व्हावे असे हे गाव आहे.

तेराव्या शतकात येथे श्रीगोविंदप्रभू राहत होते. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यावर नातलगांनी त्यांना रिद्धपुरास आणले. त्यांचे वागणे लोकविलक्षण होते. कोणाच्याही घरी जावे, मुलांत खेळावे, उच्च-नीच असा भेद मानू नये, अशी त्यांची रीत. तहानेने व्याकूळ झालेल्या मातंगांनी विनवणी केली तेव्हा त्यांनी त्यांना पाण्याची जागा दाखवून दिली, अशी कथा त्यांच्या चरित्रात आहे. गावातील स्त्री-पुरुषांना ते आईच्या आणि बापाच्या ठिकाणी होते. ज्या काळात पाणवठ्यावरही माणसामाणसांत भिंती होत्या, त्या काळातील ही गोष्ट आहे.

श्रीचक्रधरस्वामींना याच गावी गोविंदप्रभूंची भेट घडली. महानुभाव परंपरेनुसार ते मूळचे गुजरातेतील भरूचचे राजपुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते निघाले आणि रिद्धपुरी त्यांचा जीवनमार्गच पालटला. पुढे त्यांनी आपला सारा उपदेश मराठीत केला. या सभागृहात ज्यांच्या घरी गुजराती वा मारवाडी बोलली जाते अशी अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गुजरातेतून आलेल्या एका पुरुषाने येथील लोकांची भाषा आपली मानली, आणि त्या भाषेला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ त्याच्या शिष्यपरिवाराकडून मिळाला.

तो ग्रंथ म्हणजे 'लीळाचरित्र'. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर नागदेवाचार्य आदी शिष्य रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी लिहून काढण्याचे कार्य हाती घेतले. रिद्धपुरातील वाजेश्वरी हे त्या लेखनाचे स्थान मानले जाते आणि काळ साधारणपणे शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा. म्हाइंभट संस्कृतचे गाढे विद्वान होते. परंतु त्यांनी पांडित्य बाजूला ठेवले. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले व ऐकले त्यांच्याकडे ते गेले, विचारपूस केली, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. साक्षीदार हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते.

याच मंडळीत महदाइसा होती. गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून तिने विवाहप्रसंगाची गीते रचली. ती 'धवळे' या नावाने प्रसिद्ध आहेत. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचा गौरव होतो. पुढे पंथातील काही पंडितांचा कल संस्कृताकडे झाला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. स्वामींनी मराठीतच सांगितले आहे, संस्कृतात लिहिल्यास साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका धर्माला मुकतील, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

बंधू-भगिनींनो, हा विचार आपल्याला परका नाही. भगवान महावीरांची देशना अर्धमागधीत, म्हणजे लोकांना उमजेल अशा भाषेत झाली. जैन आचार्यांनी महाराष्ट्री प्राकृतात विपुल लेखन केले आणि त्याच प्राकृताच्या कुळातून आपली मराठी आली. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला'त मराठी माणसांचे आणि त्यांच्या बोलीचे वर्णन आढळते. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांशी मराठी शिलालेख कोरलेला आहे. मराठीच्या बालपणाचा शोध घेताना जैन ग्रंथ व जैन तीर्थे वगळता येत नाहीत, आणि रिद्धपूरही वगळता येत नाही.

आता या कथेतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग सांगतो. खिलजीच्या सैन्याच्या धामधुमीत 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. ग्रंथ वाचला तो ज्यांनी तो मुखोद्गत केला होता त्यांच्यामुळे. त्यांत हिराइसा या साधक स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. तिचा पाठ आजही प्रमाण मानला जातो. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पंजाब आणि काबूलपर्यंत गेलेल्या अनुयायांनीही हे मराठी ग्रंथ सांभाळले. विसाव्या शतकात विद्वानांनी त्या लिप्यांची उकल केली आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले.

आपल्या समाजानेही हेच केले आहे. कारंजा येथील शास्त्रभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली, म्हणूनच महाकवी पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये १९३० च्या दशकात तेथील ग्रंथमालेतून प्रकाशात येऊ शकली. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हीरालाल जैन यांनी 'धवला' टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित केला. एकाच वऱ्हाडच्या मातीत दोन परंपरांनी आपापले ज्ञानधन असे राखले.

रिद्धपुरी गेलात तर राजमठाचे दर्शन घ्या, वाजेश्वरीला जा, गोविंदप्रभूंच्या वावराच्या जागा पाहा. त्या जागांची नोंद ठेवण्यासाठी महानुभावांनी 'स्थानपोथी' हा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. कोण कोठे बसले, कोणती वास्तू कोणत्या दिशेला होती, इतका बारकावा त्यात आहे. शासनानेही या गावाचे महत्त्व जाणले. येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर यांची पहिले कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

मात्र दर्जा शासन देते, स्मृती समाजालाच राखावी लागते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या ट्रस्टची पायाभरणी केली, त्यांतील जे हयात आहेत ते आज वृद्धापकाळी आहेत. वर्गणी कशी जमली, पहिली पाठशाळा कोणाच्या ओसरीवर भरली, दुष्काळाच्या वर्षी काय केले, हे त्यांच्या मुखातच आहे. कागदावर फारच थोडे आले आहे. आपल्या कपाटांतून मोडीतल्या वह्या आणि हस्तलिखित स्तवने वाळवीची वाट पाहत आहेत. नव्या पिढीतील पुष्कळ मुलांना त्या वाचताही येत नाहीत.

म्हणून माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. या स्मरणिकेबरोबरच दोन-तीन तरुणांकडे एक वही सोपवावी. त्यांनी घरोघरी जाऊन ज्येष्ठांना, विशेषतः आजीबाईंना, बोलते करावे. जसे बोलले तसे, त्यांच्याच भाषेत लिहावे, दोन आठवणींत फरक पडला तर दोन्ही नोंदवाव्यात. जुनी हस्तलिखिते जाणकारांना दाखवून त्यांची छायाचित्रे करून ठेवावीत. हे काम वर्षभर पुढे ढकलले तर वहीतली काही पाने कायमची कोरी राहतील.

शताब्दी महोत्सव साजरा करणाऱ्यांच्या हाती ती वही पडावी, हीच मंगल भावना.