चिपचे रजिस्टर आणि ग्रंथालयाची नोंद



ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवात संगणकातील एका चिपचा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. परंतु जुने पुस्तक जपून ठेवण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाचे एक उत्तर या चिपपाशी सापडते.

इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आणला. बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी तो घडविला होता. १९८४ साली भारतात शालेय संगणक-शिक्षणाचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हेच यंत्र येथील निवडक शाळांतही पोहोचले. बाहेरच्या यंत्राशी तारेवरून बोलण्याचे आणि कॅसेटवर प्रोग्रॅम उतरविण्याचे काम त्यात मोटोरोलाने विकसित केलेली ६८५० ही चोवीस पिनांची चिप करीत असे.

संगणकाच्या आत बाइटचे आठही बिट आठ तारांवरून एकदम जातात. बाहेर पाठविण्याची तार मात्र एकच. म्हणून ही चिप ते बिट सुटे करून एकामागून एक सोडते. आरंभाचा एक, अक्षराचे आठ आणि समाप्तीचा एक, असे दहा बिट मिळून एका अक्षराची पाठवणी होते. सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरला, तर सेकंदात ९६० अक्षरे जातात.

या चिपला बाहेरून पूर्वस्थितीत आणणारी पिनच नाही. त्यासाठी प्रोग्रॅमने तिच्या नियंत्रण-रजिस्टरमध्ये प्रथम ३ हा आकडा लिहावा लागतो. मग, उदाहरणार्थ, २२ लिहिला की तिला तीन गोष्टी कळतात : अक्षर आठ बिटांचे, तपासणीचा जादा बिट नाही, आणि घड्याळाच्या ठोक्यांना ६४ ने भागून वेग ठरवावयाचा. त्यानंतर प्रत्येक अक्षरापूर्वी स्थिती-रजिस्टर पाहावयाचे. त्यातील एक बिट सांगतो की आलेले अक्षर वाचावयाचे आहे. दुसरा सांगतो की पुढचे अक्षर ठेवण्यास जागा रिकामी आहे. आलेले अक्षर वेळेत उचलले नाही, तर पुढचे अक्षर हरवते. चिप तेवढी चूक नोंदविते. हरवलेले अक्षर परत देत नाही.

खरी मौज पुढे आहे. नियंत्रण आणि स्थिती ही दोन्ही रजिस्टरे एकाच पत्त्यावर आहेत. त्या पत्त्यावर लिहिले, तर ते नियंत्रणात जाते. तेथून वाचले, तर स्थिती हाती येते. म्हणजे चिपला कोणती आज्ञा दिली होती, हे तिला विचारून कधीच कळत नाही. एखादा बिट बदलावयाचा झाला, तरी बाकीचे सात काय होते हे ठाऊक असावे लागते. म्हणून बीबीसी मायक्रोची कार्यप्रणाली दिलेल्या आज्ञेची एक प्रत संगणकाच्या स्मृतीत निराळी जपून ठेवीत असे.

जी गोष्ट एका बाइटची, तीच या साऱ्या विद्येची. कोणता बिट कशासाठी, हे चिपकडे पाहून उमगत नाही. ते छापलेल्या पानावर असते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या संगणकाच्या 'ॲडव्हान्स्ड यूझर गाइड'मध्ये असा तपशील दिलेला आहे. जुन्या कॅसेटवर अडकलेला एखादा प्रोग्रॅम तारेवरून आजच्या संगणकात उतरवून घ्यावयाचा, तर अशाच पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो. कॅसेटच्या चुंबकीय फितीही झिजत चालल्या आहेत. त्या कामाला अनंत काळ उरलेला नाही.

दुर्दैवाने संगणकाची पुस्तके सर्वांत आधी रद्दीत जातात. कादंबरी जुनी झाली तर तिला मान मिळतो. तांत्रिक पुस्तिका जुनी झाली की ती निरुपयोगी ठरते, असा समज आहे. ग्रंथालयाने तो खोटा ठरवावा. सभासदांच्या घरी माळ्यावर पडलेल्या जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका, मग त्या संगणकाच्या असोत, रेडिओच्या असोत की छापखान्याच्या, मागवून घ्याव्यात, दाखल-नोंदवहीत चढवाव्यात आणि एका स्वतंत्र कपाटात ठेवाव्यात. त्यासाठी मोठा खर्च लागणार नाही. एक कपाट आणि नोंद घेणारा एक दक्ष हात पुरेल. शंभर वर्षे नोंदी जपणाऱ्या संस्थेला हे काम नवे नाही.